रिबलहेडचा २४ कमानींचा रेल्वेपूल: दुरुस्ती कशाची, आणि खर्चाचा आकडा कोणाचा?

घाटवळण

नमस्कार मंडळी. जुन्या रेल्वेचे धागे इथे अधूनमधून निघतात, पण दोन प्रतिसादांत गाडी वाफेच्या इंजिनावर जाते आणि तिथेच रमते. इंजिन कारखान्यात नेऊन दुरुस्त करता येतं, पूल कुठे नेणार? तो जागच्या जागी, गाड्या चालू ठेवून सांभाळावा लागतो. म्हणून हा धागा फक्त पुलासाठी.

इंग्लंडच्या उत्तरेला सेटल ते कार्लाइल ही ७२ मैलांची लाईन आहे. मिडलंड रेल्वे कंपनीने ती बांधायला घेतली खरी, पण १८६९ मध्ये तिचाच विचार बदलला आणि लाईन रद्द करण्याची परवानगी तिने संसदेकडे मागितली. संसद म्हणाली, नाही, बांधा. अशी नाइलाजाने बांधलेली ही लाईन १८७६ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाली. तिच्यावरचं सगळ्यात मोठं काम म्हणजे रिबलहेडचा पूल: २४ कमानी, लांबी सुमारे ४०० मीटर, सर्वांत जास्त उंची ३२ मीटर. खांब चुनखडी दगडाचे, कमानी विटांच्या. आजूबाजूला दलदलीचं माळरान आणि माणूस उभा राहू न देणारा वारा. १९६४ मध्ये मालगाडीवर लादलेल्या काही नव्या मोटारी या वाऱ्याने पुलावर उडवून लावल्या होत्या. बांधकामाच्या वेळी मजूर बायकापोरांसह तिथेच झोपड्या उभारून राहिले. अपघात आणि देवीची साथ यांत माणसं इतकी गेली, की चॅपल-ल-डेलच्या छोट्याशा चर्चच्या आवारात दोनशेच्या आसपास मजूर आणि त्यांचे कुटुंबीय पुरलेले आहेत.

आता मुद्द्यावर येतो. हे खांब बाहेरून घडीव दगडाचे दिसतात, आत मात्र डबर (ओबडधोबड दगड) आणि चुना भरलेला आहे. कमानीच्या पाठीवरही भराव, त्यावर खडी, त्यावर रूळ. पावसाचं पाणी खडीतून सरळ खाली जातं. त्याला अडवायला भरावाच्या वर डांबराचा जलरोधक थर असतो, आणि तिथून पाणी बाहेर काढायला नळ्या. शंभर वर्षांत तो थर चिरला, नळ्या तुंबल्या. मग पाणी कमानीतून आणि खांबाच्या पोटातून वाट काढू लागलं. जाताना चुना विरघळवून घेऊन जातं (कमानीखाली जे पांढरे ओघळ दिसतात तो हाच चुना), आणि हिवाळ्यात दगडातच गोठतं. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. एका हिवाळ्यात काही कळत नाही. पन्नास हिवाळ्यांनी दगडाचा दर्शनी पापुद्रा हाताने सुटतो.

१९८० च्या सुमाराला ब्रिटिश रेल्वेने याच पुलाकडे बोट दाखवून लाईन बंद करायचं ठरवलं. दुरुस्तीचे साठ लाख पौंडांपर्यंतचे आकडे फिरू लागले. १९८५ मध्ये पुलावरची दुहेरी लाईन एकेरी केली, म्हणजे दोन गाड्या एका वेळी पुलावर येणं थांबलं. बंद करण्याच्या कामावर रॉन कॉटन नावाचा अधिकारी नेमला. गृहस्थ अवली निघाला. बंद होईपर्यंत तरी लाईन नीट चालवू म्हणून त्याने गाड्या वाढवल्या, जाहिरात केली, आणि १९८६ मध्ये आठ बंद स्टेशनं पुन्हा उघडली. १९८३ मध्ये वर्षाला ९३ हजार असलेले प्रवासी १९८९ पर्यंत साडेचार लाखांवर गेले. लोकांच्या हरकती २२ हजारांहून जास्त, त्यात रसवार्प नावाच्या एका कुत्र्याच्या पंजाचा ठसासुद्धा. तो रीतसर तिकीट काढून प्रवास करायचा, त्यामुळे त्याचीही हरकत धरली गेली. ११ एप्रिल १९८९ ला सरकारने बंदीचा प्रस्ताव फेटाळला. पुढच्या दोन-तीन वर्षांत पूल दुरुस्त झाला, आणि खर्च आला भीती घातली होती त्याच्या जवळपास निम्मा.

माझं म्हणणं एवढंच: पूल म्हातारा झाला म्हणून मरत नाही, त्याच्या डोक्यावरचं पाणी काढायचं कोणी थांबवलं की मरतो. आणि दुरुस्तीचा आकडा काढणाऱ्याला पूल हवा आहे की नको, हे आकड्याच्या आधी विचारावं.

जाणकारांनी भर घालावी. भारतातली उदाहरणं आली तर फारच छान.

चहा_कडक

मस्त लेख, वाखुसा (वाचनखूण साठवली). कुत्र्याचा ठसा हे भारीच.

एक बाळबोध शंका. पुलाचे फोटो बघत होतो तर मधले काही खांब बाकीच्यांपेक्षा जाड वाटतात. नजरेचा भास की खरंच?

घाटवळण

@चहा_कडक, भास नाही. दर सहावा खांब मुद्दाम जाड ठेवला आहे. कमानींच्या रांगेत प्रत्येक कमान शेजारणीला रेटत असते, दोन्हीकडचा रेटा सारखा म्हणून बारीक खांब उभा राहतो. मधली एक पडली की एका बाजूचा रेटा जातो आणि पुढची पडते, तिच्यामागे तिची शेजारीण. जाड खांब एकट्याने तो रेटा झेलतो, म्हणजे पडल्याच तर पाच-सहा कमानी पडतील, सगळा पूल नाही.

निवृत्त_पूलवाला

घाटवळण, चांगला विषय काढलात. माझी नोकरी मध्य रेल्वेत पुलांच्या तपासणीत गेली, त्यामुळे चार गोष्टी अनुभवाच्या.

कमानीचा पूल बघायला गेलं की नवा माणूस आधी भेग शोधतो आणि दिसली की घाबरतो. भेग असतेच. ती कुठल्या दिशेला आहे ते बघायचं. रुळांना समांतर, कठड्याच्या भिंतीच्या आतल्या कडेखाली असेल तर बहुतेक वेळा कमान लवचीक आणि वरची भिंत ताठ, त्यातून ती आलेली असते. लक्ष ठेवायचं, झोप उडवून घ्यायची नाही. पण रुळांना आडवी, कमानीच्या माथ्याजवळ भेग दिसली की त्याच दिवशी साहेबाला कळवायचं आणि गाडीचा वेग उतरवायचा. तिरपी भेग कमानीच्या बुडातून निघाली असेल तर खांब किंवा पाया हलल्याचा संशय घ्यायचा.

भेग जिवंत आहे की मेलेली, हे ओळखायची जुनी रीत म्हणजे काचेची पट्टी. भेगेवर आडवी बारीक काच दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवायची आणि शेजारी रंगाने तारीख लिहायची. पुढच्या फेरीला काच शाबूत असेल तर भेग जुनीच, नुसती बसलेली. तडकली असेल तर पूल हलतोय. आता मोजायची चांगली यंत्रं आली आहेत, पण काचेला बॅटरी लागत नाही.

दुसरी गोष्ट हातोडीची. दगडावर हलकेच मारली की आवाज सांगतो. खणखणीत वाजला तर दगड पक्का, भद्द वाजला तर मागे पोकळी. कमानीच्या पोटाला मचाण बांधून असं वीत वीत वाजवत जायचं, आणि भद्द वाजेल तिथे खडूने गोल करायचा. संध्याकाळी खाली उतरून वर बघितलं की रोग कुठे दाट आहे ते नकाशासारखं समोर येतं.

पाण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के बरोबर. भिंतीत पाणी बाहेर जायला भोकं ठेवलेली असतात. गवत, माती, पक्ष्यांची घरटी यांनी ती बुजतात, आणि मग कठड्याची भिंत बाहेर पोट काढते. एक गँगमन (रूळ सांभाळणारा कामगार) सळई घेऊन फिरला तर दिवसात मोकळी होतील अशी ती भोकं. तेवढं न केल्यामुळे अख्खी भिंत पुन्हा बांधावी लागलेली मी पाहिली आहे. कुठे ते नाही सांगत.

आणि पिंपळ! इंग्लंडवाल्यांना बर्फ, आपल्याला पिंपळ. वरून कापला तर दुप्पट जोमाने येतो. मूळ दगडात गेलं असेल तर आजूबाजूचे दगड काढून, मूळ खणून, औषध घालून पुन्हा बांधावं लागतं.

सडेतोड

सगळं वाचलं. भावना समजतात. पण एक कटू प्रश्न: दीडशे वर्षांच्या पुलावर करदात्यांचे लाखो पौंड घालायचे कशाला? जुना पाडा, काँक्रीटचा नवा बांधा, पुढची शंभर वर्षं चिंता नाही. रिबलहेडला २०२० मध्ये पुन्हा काम काढलंच ना त्यांनी? म्हणजे १९९० ची दुरुस्ती तीस वर्षंच टिकली.

घाटवळण

@सडेतोड, प्रश्न रास्त आहे. २०२०-२१ च्या कामाला २१ लाख पौंड लागले. सांध्यांतला मसाला नवा भरणं, फुटलेले दगड बदलणं, निचऱ्याच्या नळ्या बदलणं आणि रंग. यात पूल खचल्याची कुठलीच दुरुस्ती नाही, ही देखभाल आहे. तीस वर्षांनी घराची कौलं परतली तर आधीचं काम वाया गेलं असं आपण म्हणत नाही.

काँक्रीटला शंभर वर्षं चिंता नाही हे मात्र मान्य नाही. आतल्या सळईला गंज धरला की ती फुगते आणि वरचं काँक्रीट उडवते. विटा-दगडाच्या कमानीत गंजायला काहीच नसतं. स्कॉटलंडमधला ग्लेनफिनन पूल काँक्रीटचा असून सव्वाशे वर्षं उभा आहे, त्याचं एक कारण हेच, की त्यात सळईच नाही, नुसतं ओतलेलं काँक्रीट. त्यालाही देखभाल चुकलेली नाही.

गवंड्याची_नात

माझे आजोबा वाईकडे चुन्याचं काम करायचे, म्हणून हा धागा सोडवत नाही.

मूळ लेखात सांध्यांच्या मसाल्याबद्दल अजून हवं होतं. जुन्या दगडी कामात सिमेंटने दरजा (सांधे) भरणं हा सगळ्यात मोठा घात आहे. चुना दगडापेक्षा मऊ असतो. भिंत ओली झाली की ओल सांध्यातून बाहेर पडते, झिजायचं असेल तर सांधा झिजतो, आणि तो पुन्हा भरता येतो. सिमेंट दगडाहून कडक. सांधा बंद झाला की ओल दगडातूनच बाहेर निघते, मग झिजतो तो दगड. आपल्याकडच्या किती घाटांवर आणि वाड्यांवर हे दिसतं: सिमेंटची जाळी जशीच्या तशी पुढे आलेली आणि मधला दगड आत खात गेलेला.

आजोबांच्या वेळी चुना घाण्यात मळायचे. गोल चर, त्यात दगडी चाक, बैल फिरवणार. भाजलेल्या विटांची भुकटी (सुरकी) घातली की तोच चुना ओलाव्यातही धरायचा. पुलाच्या कामाला असाच चुना लागतो, कारण खांबाच्या पोटात हवा पोचत नाही आणि साधा चुना हवेवरच घट्ट होतो. गूळ, बेलफळ, हिरडा घालायचे तेही खरं, पण सोशल मीडियावर सांगतात तशी त्यात जादू नव्हती. खरी मेहनत चुना विरवण्यात (पाणी घालून मुरवण्यात) आणि मळण्यात. घाईने विरवलेला चुना भिंतीत गेल्यावर फुलतो आणि खपल्या पडतात.

आज अडचण मसाल्याची कमी आणि हातांची जास्त आहे. निविदा सिमेंटच्या दराने निघते, आणि चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायला कोणाला वेळ नसतो.

चहा_कडक

@गवंड्याची_नात, ताई, यावर वेगळा धागा काढाच. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

कर्जतकर

डबर भरलेल्या खांबांचा विषय निघालाच आहे तर आमच्या बोरघाटाचं उदाहरण द्यायलाच हवं.

बोरघाटाची लाईन १८६३ मध्ये सुरू झाली. २५ बोगदे आणि आठ मोठे पूल. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल कामावर आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि ठेका त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, पुढे नेला. या लाईनीवर किती मजूर दगावले याचे अंदाज हजारोंत आहेत. तर याच घाटातला माऊ-की-मल्लीचा दगडी पूल जुलै १८६७ मध्ये, भर पावसात, कोसळला. मालगाडी नुकतीच पार झालेली. बांधून चार-पाच वर्षंच झाली होती! चौकशीत दोष निघाला तो आतल्या कामाचा: बाहेरून दिसायला घडीव दगड, पोटात निकृष्ट भरती. त्यानंतर ही लाईन बांधणाऱ्या रेल्वे कंपनीच्या इतर दगडी पुलांच्या कामाकडेही संशयाने बघितलं जाऊ लागलं.

म्हणजे रीत तीच, डबराच्या पोटाची. रिबलहेडला दीडशे वर्षं टिकली, आमच्याकडे चार-पाच पावसाळेच. फरक मसाल्यात आणि मुकादमाच्या नजरेत.

जाता जाता: खंडाळ्याचं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन (जिथे गाडीची दिशा उलटवत) १९२९ मध्ये बंद झालं. त्याच भागातला १८३० चा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत स्फोटाने पाडला. तो रस्त्याचा पूल होता, एक्स्प्रेस-वेला त्याच्या खांबांची अडचण होत होती, कारण समजतं. तरी लहानपणापासून बघितलेली वस्तू गेली याचं वाईट वाटलंच.

सडेतोड

@कर्जतकर, अमृतांजन पुलाखाली मी तासन् तास ट्रॅफिकमध्ये अडकलो आहे, त्यामुळे माझे अश्रू कमी पडतील. पण १८६७ चा किस्सा माहीत नव्हता. आभार.

देवदार

आपल्याकडे चालू हेरिटेज लाईनीवरचे कमानी पूल बघायचे तर कालका-सिमल्याला पर्याय नाही. १९०३ ची लाईन, २००८ पासून जागतिक वारशात. आठशेहून जास्त पूल, आणि त्यांतले बहुतेक दगडी कमानींचे, एकावर एक मजले चढवलेले. कनोहजवळचा ५४१ नंबरचा पूल चार मजली आहे आणि वळणात आहे, त्यामुळे गाडीतूनच आपण कशावरून जातोय ते दिसतं. नाहीतर पुलावर बसलेल्याला पूल कधी दिसत नाही.

गंमत म्हणजे तिथेही १९३५ मध्ये अशाच एका मजल्यामजल्यांच्या दगडी कमानी पुलाच्या जागी लोखंडी घोड्यांवर (ट्रेसल, म्हणजे लोखंडी चौकटींचे खांब) उभा असलेला पूल करावा लागला. आणि १४ ऑगस्ट २०२३ ला समर हिलजवळ दरड आली तेव्हा रूळ आणि स्लीपर हवेत लटकत राहिले, खालचं सगळं वाहून गेलं. तो फोटो सगळ्यांनी पाहिला असेल. त्यात पुलाच्या कामाचा दोष काढता येत नाही, डोंगरच उतरला. तिथे नवं बांधकाम लोखंडाचं केलं, कारण लाईन लवकर सुरू करायची होती.

माझा प्रश्न पूलवाले काकांना: वारसा म्हणून नाव लागलेल्या लाईनीवर असा पूल गेला तर पुन्हा दगडी कमानच बांधायला हवी, की लोखंड चालेल?

निवृत्त_पूलवाला

@देवदार, माझं वैयक्तिक मत: जो पूल उभा आहे त्याची दुरुस्ती त्याच्याच दगड-चुन्यात करा. जो गेला, त्या जागी आजच्या काळाचा पूल बांधा आणि तो आजचा आहे हे दिसू द्या. काँक्रीटवर दगडाचा मुलामा चढवून खोटी कमान काढायची, त्याला माझा सक्त विरोध. पुढच्या तपासनीसाला आत काय आहे ते कळत नाही, आणि हातोडी वाजवली तर ती वरच्या मुलाम्याचाच आवाज देते.

दरडीचं म्हणाल तर डोंगरातल्या पुलाची निगा पुलापासून सुरू होत नाही. वरच्या उताराची गटारं आधी.

मिडलंड्सवाली

इंग्लंडमधली अजून एक बाजू. सेटल-कार्लाइल ही सरकारी जाळ्यातली लाईन, तिथे पैसा शेवटी सरकारने दिला. पण इथे स्वयंसेवकांनी चालवलेल्या हेरिटेज रेल्वे बऱ्याच आहेत, आणि त्यांना असे पूल बंद लाईनीबरोबर पदरात पडलेले आहेत. ग्लॉस्टरशायर वॉरिकशायर रेल्वेचा स्टॅनवे पूल बघा. १५ कमानी, विटांचा. नोव्हेंबर १९०३ मध्ये बांधकाम चालू असतानाच त्याच्या काही कमानी कोसळल्या आणि माणसं गेली होती. १९७६ मध्ये लाईन बंद झाली. पुढे स्वयंसेवकांनी रूळ टाकत टाकत गाडी पुन्हा या पुलावरून नेली, २०१८ मध्ये ब्रॉडवे गावापर्यंत.

आता त्या पुलाची चिंताही त्यांचीच. वरून रूळ-खडी उचलायची, जलरोधक थर घालायचा, निचरा करायचा, पुन्हा रूळ टाकायचे, आणि हे सगळं हिवाळ्यात, कारण उन्हाळ्यात गाडी बंद ठेवली तर तिकिटाचं उत्पन्नच जातं. थर घालायला कोरडी हवा लागते आणि इंग्लंडचा हिवाळा कोरडा नसतो! निवृत्त शिक्षक, प्लंबर, बँकवाले थंडीत फावडी घेऊन खडी उपसतात. जोखमीचं काम, म्हणजे अभियंत्याची तपासणी, उंचीवरची दुरुस्ती, ते पैसे देऊनच करून घेतात.

लोक नव्या इंजिनासाठी देणगी पटकन देतात. "आमच्या पुलाची गटारं साफ करायची आहेत" म्हटलं की खिशातला हात खिशातच राहतो. म्हणून तिथे आवाहनात पुलाचा फोटो सुंदर लावतात आणि गटाराचा शब्द खाली बारीक अक्षरात.

सडेतोड

हाहा, हे आवडलं. आमच्या सोसायटीत लॉबीच्या ग्रॅनाइटला सगळे हो म्हणाले, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला कोरम भरला नाही.

ठीक आहे, मूळ मुद्दा मान्य. पण मग अजून एक. २०२१ नंतर रिबलहेडवर दोन गाड्यांची लाईन पुन्हा का नाही टाकली? पूल धडधाकट असेल तर एकेरी कशाला?

घाटवळण

@सडेतोड, एकेरी लाईन पुलाच्या मधोमध घेतली की वजन कमानीच्या मध्यावर येतं, कडेच्या भिंतींना रेटा कमी बसतो, आणि दोन गाड्यांची भेट पुलावर होत नाही. शिवाय ताशी ३० मैलांची मर्यादा आहे. त्या लाईनीवर आज जेवढ्या गाड्या आहेत तेवढ्यांना हे चालतं. पुलाचं आयुष्य वाढवायचा याहून स्वस्त उपाय नाही.

@मिडलंड्सवाली, खडी उपसायला बाहेरच्या माणसाला घेतात का? इथे दोघे-तिघे तयार होतील, मी धरून.

मिडलंड्सवाली

घेतात, आनंदाने. आधी सुरक्षेचं प्रशिक्षण असतं, रुळाजवळ काम करायचं म्हणून. पोलादी टोकाचे बूट आणि चहाचा थर्मास आपला. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

सह्यभटक्या

उशिरा आलो धाग्यावर. पूलवाले काका, आम्ही ट्रेकवाले कसारा आणि बोरघाटात फिरत असतो. रुळाच्या जवळ न जाता, खालच्या पायवाटेवरून किंवा रस्त्यावरून, जुना कमानी पूल आजारी आहे हे आमच्यासारख्याला ओळखता येईल का?

निवृत्त_पूलवाला

@सह्यभटक्या, येईल. आणि रुळावर जाऊ नका हे तुम्हीच लिहिलंत, बरं केलंत.

पाऊस पूर्ण थांबल्यावर आठ-दहा दिवसांनी जा. सगळ्या कमानी कोरड्या आणि एकच ठिबकत असेल, तर तिच्या डोक्यावरचा निचरा तुंबलेला आहे. पांढरे ओघळ ताजे, ओले आहेत की धूळ बसून काळे पडलेत ते बघा. कठड्याची रेघ एका टोकाला उभं राहून नजरेने लावा, मध्ये कुठे पोट दिसतं का. खांब नदीत असेल तर पायाशी पाण्याने खड्डा केलाय का, हे उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर दिसतं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच. पिंपळाचं रोप दिसलं तर कितव्या कमानीत ते मोजा.

पुलाचा नंबर आणि किलोमीटर खांबावर किंवा कठड्यावर रंगवलेला असतो. फोटोत तो येऊ द्या. नंबर नसलेला फोटो तक्रारीला उपयोगाचा नाही, जवळच्या स्टेशन मास्तरकडे द्यायचा तर नंबरासकट द्या आणि पोच मागून घ्या.